उभ्या कॅम्पर व्हॅनची बॅटरी का उतरते?

प्रश्न (गुहागर) : ट्रॅव्हलरवर बांधलेली जुनी कॅम्पर व्हॅन घेतली आहे. बॅटरी १०० अ‍ॅम्पिअर-तासांची. आधीच्या मालकाने म्युझिक सिस्टीम, डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, मागचा कॅमेरा, एलईडी पट्ट्या, इन्व्हर्टर असं बरंच बसवलंय. गाडी आगरात आठ-दहा दिवस उभी राहिली की सेल्फ नुसता टकटक करतो. दोन बॅटऱ्या बदलून झाल्या. तिसरी मोठी घ्यावी का?

उत्तर : घेऊ नका. आधी गाडी बंद असताना किती करंट जातोय ते मोजा. मोठी बॅटरी घेतली तर ती चार दिवस उशिरा उतरेल, एवढंच.

साधा डिजिटल मल्टीमीटर पुरेसा आहे, फक्त त्यावर १० अ‍ॅम्पिअरची खाच हवी. बॅटरी पूर्ण चार्ज करा. चावी काढा, बॉनेट उघडं ठेवा, दारं बंद करा. मीटरची लाल वायर १० अ‍ॅम्पिअरच्या खाचेत, काळी ‘COM’ लिहिलेल्या खाचेत. बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलची केबल सोडवा आणि मीटर त्या केबल आणि टर्मिनलच्या मध्ये जोडा. आता अर्धा तास थांबा. गाडीतले कंट्रोलर लगेच झोपत नाहीत, म्हणून सुरुवातीचा आकडा मोठाच दिसतो. मीटर जोडलेला असताना चावी फिरवायची नाही. सेल्फचा करंट शेकडो अ‍ॅम्पिअर असतो, मीटर जळेल.

शेवटी २० ते ५० मिलिअ‍ॅम्पिअर उरले तर ठीक. तुमच्या वर्णनावरून आकडा बराच मोठा येईल. समजा ४२० मिलिअ‍ॅम्पिअर आला, तर दिवसाला सुमारे १० अ‍ॅम्पिअर-तास गेले. आठ दिवसांत ८०. मग सेल्फ टकटक करणारच. शिवाय लेड-अ‍ॅसिड बॅटरी अशी पुन्हा पुन्हा तळाला गेली आणि तशीच पडून राहिली की प्लेट्सवर सल्फेटचा कडक थर बसतो. तुमच्या दोन बॅटऱ्या बहुधा यानेच गेल्या. कंपनीचा दोष त्यात दिसत नाही.

चोर शोधताना सगळे डॅशबोर्डखालचे फ्यूज एकेक काढत बसतात. नंतर बसवलेल्या वस्तूंत ते निम्मं कामच होतं, कारण वायरमन घाईत थेट बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलवरून वायर ओढतो. ती फ्यूजबॉक्समधून जातच नाही. म्हणून आधी पॉझिटिव्ह टर्मिनलवरच्या बारीक वायरी मोजा आणि एकेक सोडवून मीटर बघा. ज्या वायरीने आकडा झपकन खाली येईल, तिच्या मागे जा.

इन्व्हर्टरवर काही चालू नसलं तरी तो अर्धा ते एक अ‍ॅम्पिअर खाऊ शकतो. तो वापरून झाला की बटणानेच बंद हवा. पार्किंग मोडमधला डॅशकॅम दोन-तीनशे मिलिअ‍ॅम्पिअर सहज घेतो. त्याच्या किटवर बंद होण्याचा व्होल्टेज निवडता येत असेल तर १२.४ ठेवा, ११.८ ला तो थांबेपर्यंत तुमची बॅटरी जवळजवळ रिकामी झालेली असते. म्युझिक सिस्टीमची पिवळी वायर (मेमरी) आणि लाल वायर (चावीची) एकत्र पिळलेली आहेत का, हे आवर्जून बघा. ही चूक फार दिसते. ट्रॅकर मात्र थोडं खाणारच, त्याला राहू द्या.

कायमचा इलाज म्हणजे एक चार पिनांचा ३० अ‍ॅम्पिअरचा रिले (छोट्या करंटने चालू-बंद होणारा स्विच) आणि सहा फ्यूजची छोटी पेटी. बॅटरीवरून २० अ‍ॅम्पिअरच्या फ्यूजमधून रिलेच्या ३० नंबरच्या पिनेला, ८७ वरून पेटीला, ८५ ला अर्थ आणि ८६ ला चावी ऑन केल्यावरच करंट येणारी वायर. २० चा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा. कॅमेरा, यूएसबी चार्जर, गाणी सगळं त्या पेटीवर न्या. ८६ ला चुकून कायम चालू वायर दिली तर रिलेचं कॉइलच दीडशेएक मिलिअ‍ॅम्पिअर खात बसेल. चावी काढली की रिले ‘टक्’ करून सुटला पाहिजे. तो आवाज कानाने ऐका. फ्रिज आणि रात्रीचे दिवे मात्र चावीशिवाय लागतात, त्यांना वेगळी बॅटरीच द्या.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट असते, ती घाटावरच्या माणसाला सांगून पटत नाही. खारी दमट हवा वायरीच्या टोकातून आत शिरते, तांबं हिरवं-काळं पडतं, आणि कायम करंट असलेल्या कनेक्टरात ओल राहिली की तिथूनही थोडा करंट झिरपतो. मागच्या कॅमेऱ्याचा बंपरमधला कनेक्टर उघडून बघा. दाभोळ-धोपावे फेरीबोटीवर गाडी नेत असाल तर नक्कीच. कथील चढवलेली वायर वापरा, लग (वायरीच्या टोकाचा धातूचा कान) नीट दाबून क्रिम्प करा, वर आतून गोंद असलेली हीटश्रिंक नळी चढवा. नुसती इन्सुलेशन टेप एका पावसाळ्यात सुटते. बॅटरीचा माथाही तपासा: व्होल्टमीटरची लाल पिन पॉझिटिव्हवर, काळी प्लास्टिकच्या माथ्यावर. अर्धा व्होल्ट दिसला तरी मळातून गळती आहे. कपभर गरम पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून पुसा, पाणी झाकणांतून आत जाऊ देऊ नका, कोरडं करून टर्मिनलला पेट्रोलियम जेली लावा.

प्रश्न (मालवण) : व्हॅनवर ५० वॅटचं सोलर पॅनेल लावलं तर पावसाळाभर चिंता मिटेल का?

उत्तर : गळती आधी ५० मिलिअ‍ॅम्पिअरच्या आत आणली असेल तर बहुधा हो. उन्हात हे पॅनेल दिवसाला दहा-बारा अ‍ॅम्पिअर-तास देईल, पण आषाढातल्या कोंदट आभाळाखाली दोन-तीनवर समाधान मानावं लागतं. ५० मिलिअ‍ॅम्पिअरला दिवसाला सव्वा लागतो, म्हणजे भागतं. माडाखाली गाडी लावली तर हिशेब विसरा. एका झावळीची सावली काही सेलवर पडली तरी अख्ख्या पॅनेलचा करंट कोसळतो. (माडाखाली गाडी उभी करूच नये, नारळ पडतो.) चार्ज कंट्रोलरला आधी बॅटरी जोडा, मग पॅनेल. बॅटरी आणि कंट्रोलरच्या मध्ये १० अ‍ॅम्पिअरचा फ्यूज.

प्रश्न (हर्णै) : महिनाभर गाडी उभी असते. निगेटिव्हला कट-ऑफ स्विच लावला तर चालेल?

उत्तर : चालेल, आणि तुमच्यासाठी तोच सर्वांत स्वस्त उपाय आहे. तीन गोष्टी पाळा. इंजिन चालू असताना तो कधीही बंद करू नका, अल्टरनेटरचे डायोड जातात. बीएस ६ डिझेल गाडीत डीईएफची (धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाच्या द्रावणाची) टाकी असेल तर चावी काढल्यावर पाच-सात मिनिटं थांबून मग स्विच फिरवा, कारण पंप नळ्यांतला द्रव परत ओढत असतो. आणि सेंट्रल लॉक फक्त रिमोटवर चालत असेल तर दाराची साधी चावी आधी लावून बघा. मिठाने गंजलेलं कुलूप महिन्याने उघडत नाही. महिन्यानंतर स्विच ऑन करण्याआधी बॅटरीचा व्होल्टेज बघा. १२.४ च्या खाली असेल तर आधी चार्जर, मग सेल्फ.