वाचकांचे प्रश्न : यू-बूटमध्ये नवा बोर्ड

प्रश्न : ऑलविनर ए६४ चिपच्या आमच्या बोर्डावर यू-बूट (ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करून देणारा बूटलोडर) चालू लागलं आहे. ते मूळ प्रकल्पात देताना सोबतच्या दस्तऐवजात काय लिहावं? दुसऱ्या बोर्डाचं पान घेऊन नाव बदललं तर चालेल का?

उत्तर : तसं करू नका. ऑलविनर चिपांची सामाईक माहिती डॉक/बोर्ड/ऑलविनर फोल्डरातल्या सनएक्सआय.आरएसटी फाइलमध्ये आधीच आहे. तीच पुन्हा लिहिली की दुरुस्ती एका ठिकाणी होते, दुसरं जुनंच राहतं. तुमच्या पानात तुमच्या बोर्डाचं वेगळेपण हवं : रॅम कोणत्या प्रकारची व किती, सिरियल कन्सोलच्या (बोर्डाचे संदेश संगणकावर दाखवणाऱ्या जोडणीच्या) पिना कुठे, डिफकॉन्फिगचं (बोर्डाच्या बिल्ड-सेटिंग्जच्या फाइलचं) नाव काय.

बिल्डचा क्रम मात्र स्पष्ट लिहा. आधी ट्रस्टेड फर्मवेअर-एमधून, प्लॅटफॉर्म सन५०आय_ए६४ निवडून, बीएल३१ (यू-बूटच्या आधी चालणारं सुरक्षित फर्मवेअर) तयार करायचं. मग त्या फाइलचा पूर्ण पत्ता बीएल३१ या व्हेरिएबलमध्ये देऊन यू-बूट बिल्ड करायचं. एससीपी (वीज-व्यवस्थापनाचा वेगळा छोटा प्रोसेसर) फर्मवेअर वापरत नसाल तर एससीपी=/डेव्ह/नल द्यावं. बीएल३१ दिलं नाही तर फाइल कमी असल्याचं बिनमॅन (तुकडे जोडून इमेज बनवणारं यू-बूटचं साधन) सांगतो. तरीही बिल्ड पुढे रेटला तर हाती आलेली इमेज बूट होत नाही. दोन्ही प्रकल्पांची कोणती आवृत्ती वापरली तेही नोंदवा.

पानाचा खरा उपयोग बोर्ड गप्प बसतो तेव्हा होतो. म्हणून कन्सोलवर (वेग १,१५,२००, ३.३ व्होल्टचा यूएसबी-सिरियल अॅडॉप्टर, ५ व्होल्टचा लावल्यास चिपच्या पिना जळू शकतात) क्रमाने काय दिसायला हवं ते द्या. आधी एसपीएलची (यू-बूटच्या आधी चालणाऱ्या छोट्या भागाची) ओळ, मग डीरॅमचा आकार, मग बीएल३१ची नोटीस, शेवटी यू-बूटची ओळ. काहीच उमटत नसेल तर टीएक्स-आरएक्सची (पाठवणाऱ्या-घेणाऱ्या तारांची) अदलाबदल, न जोडलेला ग्राउंड किंवा चुकीच्या जागी लिहिलेली इमेज तपासावी. डीरॅम ० एमआयबी दिसून बोर्ड थांबला, तर रॅमचा प्रकार, क्लॉक (रॅमचा वेग) किंवा झेडक्यूची (रॅमच्या सिग्नल-जुळणीची) किंमत डिफकॉन्फिगमध्ये चुकली असावी. आधी क्लॉक कमी करून पाहा.

बाकीचं थोडक्यात : डिफकॉन्फिग 'मेक सेव्हडिफकॉन्फिग'ने काढा, .कॉन्फिग (सगळ्या सेटिंग्जची पूर्ण फाइल) तशीच उचलू नका. बोर्ड/सनएक्सआयमधल्या मेंटेनर्स फाइलमध्ये नाव आणि डिफकॉन्फिगची ओळ घाला, नाहीतर बिल्डमॅन (अनेक बोर्ड एकत्र बिल्ड करून तपासणारं साधन) तक्रार करतो. नवं पान इंडेक्स.आरएसटीच्या टॉकट्रीत (पानांच्या अनुक्रमणिकेत) जोडा आणि 'मेक एचटीएमएलडॉक्स' चालवून इशारे वाचा.

प्रश्न : डीडी आदेशाने बीएस=१के, सीक=८ (म्हणजे सुरुवातीचे ८ केबी सोडून) देऊन इमेज एसडी कार्डावर लिहिली, बोर्ड चालला. कार्डाचं पार्टिशन टेबल दुरुस्त केल्यावर बंद पडला. असं का?

उत्तर : कार्ड जीपीटी या पार्टिशन टेबलच्या प्रकाराचं असणार. जीपीटीचं हेडर सेक्टर १वर आणि नोंदी सेक्टर २ ते ३३वर असतात. सेक्टर ५१२ बाइटांचा, म्हणून ८ केबी म्हणजे सेक्टर १६, तेव्हा इमेज नोंदींच्या मध्यात घुसते. पहिल्या ५६ नोंदी शाबूत राहतात, पण सीआरसी (टेबलची तपासणी-बेरीज) जुळत नाही; दुरुस्तीचं साधन कार्डाच्या शेवटी असलेल्या प्रतीवरून टेबल परत लिहितं आणि एसपीएल पुसली जाते. ए६४वर सीक=१२८ द्या, म्हणजे इमेज १२८ केबीवर बसते. पहिलं पार्टिशन १ एमबीवर असेल, तर १२८ केबी अधिक इमेजचा आकार १,०२४ केबीच्या आत राहतो का, हे आधी मोजा.