गळकं छप्पर, शंभर वर्षांचं थिएटर आणि पैसे मागायची लाज

जुन्या नाट्यगृहांच्या दुरुस्तीसाठी पैसे कसे उभे करायचे यावर बरेच प्रश्न आलेत, त्यातले काही घेतोय. नावं काढलीत, गावात उगाच चर्चा नको.

प्रश्न: आमच्या ट्रस्टचं शंभरेक वर्षांचं नाट्यगृह दहा वर्षं बंद आहे. आर्किटेक्टने सव्वादोन कोटींचं एस्टिमेट दिलंय, आकडा ऐकून लोक हसतात. सुरुवात कुठून करू?

हसणारच की. तो आकडा फाईलमध्ये ठेवा आणि फक्त छपराचं एस्टिमेट वेगळं काढून घ्या, कारण वरून गळतंय तोवर खाली केलेलं प्लास्टर, रंग, खुर्च्या सगळं अक्षरशः पाण्यात. आमच्या गावच्या थिएटरच्या कमिटीत मी होतो तेव्हा पहिल्या वर्षी आम्ही 'सांस्कृतिक वारसा' वगैरे लिहून छान गुळगुळीत पत्रकं काढली, छपाईचा खर्चसुद्धा निघाला नाही. पुढच्या जुलैत भर पावसात दारं उघडली, स्टेजवर जिथे जिथे गळत होतं तिथे बादल्या, पातेली, कुणाच्या तरी घरचा एक तांब्याचा हंडा मांडला आणि लोकांना म्हटलं नुसतं आत येऊन बसा. टपटप टपटप. भाषण कुणीच केलं नाही. बाहेर पडताना वखारवाला म्हणाला पैसे नाही देणार, पण वासे माझे, मग कौलांचं दुसऱ्याने घेतलं आणि गाडं हललं. तेव्हा 'जीर्णोद्धार निधी' मागू नका, वासा मागा, कौल मागा. आणि हो, कॉन्ट्रॅक्टर स्वस्तात सिमेंटचा गिलावा मारून देतो म्हणेल, चुन्यातल्या जुन्या भिंतीला तो लावू देऊ नका, ओल आत कोंडते आणि पोपडे सुटतात.

प्रश्न: मोठ्या कलाकारांचा चॅरिटी शो लावला तर?

लावा, पण आधी पेन घेऊन बसा. समजा ४०० खुर्च्या आणि तिकीट ३०० रुपये, हाऊसफुल धरला तरी १ लाख २० हजार, त्यातून नाटकाचं कॉन्ट्रॅक्ट, हॉलचं भाडं, जेवणं, बॅनर वजा केलं की उरतं काय ते बघा. ८ जुलै १९२१ ला मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले टिळक स्वराज्य फंडासाठी 'मानापमान'मध्ये एकत्र उभे राहिले, त्याचं कौतुक अजून सांगतात, पण तिथे दोन वेगळ्या कंपन्यांचे दोन राजे एका स्टेजवर येणं हीच बातमी होती. तुमच्या गावात वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड न बघणारी दोन हौशी मंडळं असतीलच (नसतील तर ते गाव मराठी नाही), त्यांना एकत्र आणा, मुंबईच्या नटापेक्षा जास्त तिकिटं जातील. खर्चाला आधी स्पॉन्सर पकडा म्हणजे तिकिटाचा पैसा पूर्ण निधीत जाईल, आणि दारावर प्रत्येकाचा फोन नंबर लिहून घ्या.

प्रश्न: देणगीदाराचं नाव खुर्चीवर लावलं तर जीएसटी लागतो म्हणतात, खरंय का?

'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' अशी नुसती पाटी असेल तर नाही लागत. पण पाटीवर दुकानाची जाहिरात आली की ती देणगी राहत नाही, जाहिरात विकल्यासारखं होतं आणि मग जीएसटी येतो. दुसरं म्हणजे ट्रस्टला ८०जी (देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी नोंदणी) आहे म्हणून सगळ्यांना टॅक्स वाचेल असं छातीठोक सांगत सुटू नका, २००० च्या वर रोख दिलेल्यावर सवलत नाही आणि नवीन टॅक्स पद्धत घेतलेल्याला तर ती मिळतच नाही. नाव 'कायमचं' असंही लिहून देऊ नका हो, खुर्च्या मोडतात. पंधरा वर्षं लिहा.

प्रश्न: मामेभाऊ अमेरिकेत आहे, तिकडच्या मराठी मंडळींकडून पैसे पाठवायचं म्हणतोय.

प्रेमाने आधी पासपोर्ट विचारा. भारतीय नागरिक असेल तर स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देऊ शकतो, पण तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं) असलं तरी तो पैसा परदेशी धरला जातो आणि एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खाली नोंदणी नसताना एक डॉलरही घ्यायचा नाही. खात्यावर आल्यावर सीएला विचारू असं करू नका.

प्रश्न: काही ट्रस्टी म्हणतात पुढची मोकळी जागा बिल्डरला तीस वर्षं लीजवर देऊ, सगळा खर्च निघेल.

धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय एवढं लांब लीज देता येत नाही, हा झाला कायदा. माझं मत विचाराल तर त्या जागेवर सेटचा ट्रक उभा राहतो. ट्रकला जागाच नसेल तर कुठली कंपनी तुमच्याकडे प्रयोग लावणार, आणि प्रयोग नाहीत तर एवढा खटाटोप कशाला?

प्रश्न: आठ लाख जमलेत. लोक म्हणतात एसी बसवा, वायरमन म्हणतो वायरिंग बदला.

वायरमनचं ऐका. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह, शाहू महाराजांनी उभं केलेलं १९१५ चं पॅलेस थिएटर, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. जुन्या थिएटरात लाकूड, पडदे, गाद्या, सगळं पेटणारंच असतं. वायरिंग, मग अग्निशमन, मग विमा, आणि विम्याची रक्कम आजच्या बांधकाम खर्चावर काढा, रजिस्टरमधल्या जुन्या किमतीवर नको. एसीचं पुढच्या वर्षी बघू. फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळलेली दिसली तर मात्र मीटिंगची वाट बघू नका, आज संध्याकाळीच काढा.