वाचकांचे प्रश्न : गुणपत्रिकेतील नाव कोण दुरुस्त करणार?

प्रश्न : गुणपत्रिकेवर माझे नाव चुकले आहे. महाविद्यालय विद्यापीठाकडे बोट दाखवते आणि विद्यापीठ महाविद्यालयाकडे. नेमके जायचे कुठे?

उत्तर : संलग्न महाविद्यालय प्रवेश देते व शिकवते, परंतु गुणपत्रिका आणि पदवी विद्यापीठाची असते. 2016च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमानुसार चार विद्याशाखांचे शैक्षणिक कामकाज अधिष्ठाता पाहतात, सर्वसाधारण प्रशासन कुलसचिवांकडे असते आणि परीक्षांचा कारभार परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांकडे असल्यामुळे तुमचा अर्ज अखेर परीक्षा विभागातच जायला हवा. मात्र तो प्राचार्यांच्या सहीशिक्क्याच्या पत्रासह पाठवावा, कारण तुमच्या प्रवेशाची मूळ नोंद महाविद्यालयातच असते. कुलगुरूंना थेट निवेदन देण्याची हौस अनेकांना असते. तेही बहुधा याच टेबलावर येते. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक व तारीख घ्यायला विसरू नका.