नाकारलेल्या देणगीविषयी

चि. बाळ,

सप्रेम सलाम. तुझे पत्र, त्यासोबतचा हिशेब आणि सर्व ओळखीच्यांना पाठवण्यासाठी तू लिहून ठेवलेला मजकूर, असे तिन्ही कागद मी दोनदा वाचले. तो मजकूर तूर्त कोणालाही पाठवू नकोस. खेळाचा अपमान, पैशांचा नकार आणि तुला ऐकवलेले वचन या तीन निरनिराळ्या गोष्टी तू एकाच रागात कालवल्या आहेस, आणि त्यामुळे तुझी जी तक्रार खरोखर रास्त आहे तीच वाचणाऱ्याच्या हाती लागत नाही.

घडले ते माझ्या समजुतीप्रमाणे असे. पुण्यातल्या कॅफेत तुम्ही सहा जण बारा तास सलग डंजन्स अँड ड्रॅगन्स हा, टेबलाभोवती बसून काल्पनिक पात्रांच्या भूमिका घेण्याचा खेळ खेळलात, दिवसभरात प्रत्येकी 250 रुपये देऊन 154 जण पाहायला आले, 38,500 रुपये जमले, आणि ज्या मुलींच्या वसतिगृहासाठी हा खटाटोप केला त्याच्या विश्वस्तांनी, पोस्टरवरचा शिंगांचा राक्षस आणि त्याच्या पायाशी छापलेले आपल्या संस्थेचे नाव पाहून, पैसे घेणार नाही असे कळवले. त्यातल्या एकांनी तुला बायबलातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायातले अठरावे वचन ऐकवले, ज्यात वेश्येची कमाई आणि कुत्र्याचे मोल परमेश्वराच्या घरात आणू नये असे सांगितले आहे. एका मुलीला हे वचन तोंडावर ऐकवणे अशोभनीय होते. मी त्यांना फोन करून तसे स्पष्ट सांगितले आहे. तेवढा भाग माझ्याकडे सोपव.

आता खेळावरच्या आक्षेपाविषयी. तो या विश्वस्तांनी काल शोधून काढलेला नाही. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ 1974 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केला. 1979 च्या ऑगस्टमध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठातला एक सोळा वर्षांचा विद्यार्थी नाहीसा झाला, आणि त्याला शोधणाऱ्या खासगी गुप्तहेराने, तो विद्यापीठाखालच्या वाफेच्या बोगद्यांत हा खेळ खेळता खेळता हरवला असावा, अशी शक्यता वर्तमानपत्रांना सांगितली. मुलगा काही आठवड्यांनी दूर लुईझियानात सापडला आणि त्याच्या जाण्याची कारणे खेळाबाहेरची निघाली, पण तोवर खेळाचे नाव घरोघरी पोहोचले होते. पुढे 1982 मध्ये व्हर्जिनियातल्या एका आईने मुलगा गमावला आणि तो या खेळापायीच गेला असे मानून दुसऱ्याच वर्षी या खेळाविरुद्ध संघटना उभी केली. 1985 मध्ये सीबीएस या अमेरिकन दूरचित्रवाहिनीच्या ‘60 मिनिट्स’ या कार्यक्रमात विषय गेला, आणि ख्रिस्ती मंडळ्यांमधून हा सैतानाचा खेळ असल्याचे सांगितले जाऊ लागले. त्या आईच्या दुःखाला हसू नकोस. तिने काढलेला निष्कर्ष चुकीचा होता असे मी मानतो, परंतु चुकीच्या निष्कर्षामागेही कधी कधी एक खरी कबर असते.

शिवाय आक्षेपाला शास्त्राचा आधारच नाही असे तू लिहिले आहेस, ते बरोबर नाही. अनुवादाच्या अठराव्या अध्यायात मंत्रतंत्र करणारा, शकुन पाहणारा, मृतांना विचारणारा यांना स्पष्ट मनाई आहे, आणि तुझ्या खेळात मांत्रिक आहेत, मंत्र आहेत, प्रेतेही उठून चालतात. खेळ छापणारी कंपनीसुद्धा या दडपणाखाली इतकी आली की 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीत तिने राक्षस आणि सैतान यांची रूढ इंग्रजी नावे काढली आणि पुढे ‘तनारी’ आणि ‘बाटेझू’ अशी घडवलेली नावे घातली. मला विचारशील तर मंत्र म्हणणे आणि मंत्र म्हणणाऱ्याची भूमिका घेणे यांत मोठे अंतर आहे. आपल्या तरुण संघाच्या नाताळच्या नाटिकेत मी सात वर्षे हेरोद राजा झालो, बेथलेहेमातल्या बाळांना मारण्याचा हुकूम दर वर्षी खणखणीत आवाजात दिला, आणि उपासनेनंतर सर्वांनी माझे कौतुकच केले. (एका वर्षी पाळकसाहेबांचा धाकटा मुलगा मात्र मला पाहून रडत सुटला होता.) हे उदाहरण विश्वस्तांना अवश्य सांग, परंतु वाद जिंकण्यासाठी सांगू नकोस, त्यांनी खेळ पाहिलेला नाही आणि तू त्यांना तो दाखवलेला नाहीस.

पैशांचा प्रश्न यापेक्षा वेगळा आहे, आणि माझे सारे आयुष्य नगरला एका रुग्णालयाच्या हिशेबाच्या वह्यांत गेल्यामुळे त्याविषयी मी अधिक खात्रीने बोलू शकतो.

असाच एक नकार खुद्द गायगॅक्स यांच्या नावाने जमलेल्या पैशांनाही मिळाला होता. गायगॅक्स 4 मार्च 2008 रोजी वारले. तो माणूस स्वतःला ख्रिस्ती म्हणवत असे, हे त्याच्या विरोधकांना फारसे ठाऊक नव्हते. गायगॅक्स यांनीच 1968 मध्ये विस्कॉन्सिनातल्या लेक जिनिव्हा या गावी सुरू केलेले ‘जेन कॉन’ हे खेळाडूंचे संमेलन 2008 मध्ये इंडियानापोलिसला भरले, तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ लिलाव झाला आणि 17,000 डॉलरांहून अधिक रक्कम उभी राहिली. ती त्यांच्या आवडत्या ‘ख्रिश्चन चिल्ड्रन्स फंड’ या संस्थेला द्यायची होती. ही संस्था 1938 मध्ये चीनमधल्या युद्धाने अनाथ झालेल्या मुलांसाठी एका प्रेस्बिटेरियन पाळकाने सुरू केलेली. तिने रक्कम घेतली नाही. पैशांचा काही भाग डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या वस्तूंच्या विक्रीतून आला म्हणून नकार मिळाला, अशी बातमी खेळाडूंमध्ये वाऱ्यासारखी पसरली आणि संस्थेवर रागाचा भडिमार झाला. संस्थेने त्यावर खुलासा केला की खेळाशी तिचे भांडण नव्हते. आपले नाव दुसऱ्याच्या कार्यक्रमाला पाठिंबा दिल्यासारखे वापरू द्यायचे नाही, एवढाच तिचा नियम होता. रक्कम शेवटी ‘फिशर हाउस फाउंडेशन’कडे गेली. लष्करी रुग्णालयांत उपचार घेणाऱ्यांच्या कुटुंबीयांना ही संस्था जवळच विनामूल्य राहायला जागा देते.

यातली कोणती हकिकत पूर्ण खरी, याचा निवाडा मी करणार नाही. मला त्यात जे दिसते ते असे की रागावलेल्यांनी ‘पैसे’ हा शब्द ऐकला आणि संस्था ‘नाव’ म्हणत होती. तुझ्या वसतिगृहाचे पत्र मी पुन्हा वाचले. त्यात चार ओळी आहेत आणि तिसऱ्या ओळीत, ‘आमच्या संस्थेचे नाव आमच्या परवानगीविना छापण्यात आले’, असे लिहिले आहे. तुझ्या मजकुरात या ओळीचा उल्लेख कुठेच नाही. बाळ, इथे चूक तुमची आहे. चांगल्या कामासाठी असले तरी दुसऱ्याचे नाव त्याला न विचारता छापू नये, आणि मुलींच्या वसतिगृहाच्या बाबतीत तर मुळीच नाही, कारण गावाकडचे पालक त्या नावाच्या भरवशावर आपल्या लेकी तिथे ठेवतात.

पैसा मुळातच वाईट मार्गाने आला म्हणून नाकारणे, ही याहून जड गोष्ट आहे. तिचे एक उदाहरण आपल्या घराजवळचे म्हणावे असे आहे. ‘अमेरिकन बोर्ड’ या ज्या मिशन संस्थेचे मिशनरी 1813 मध्ये मुंबईस आले आणि जिच्या मराठी मिशनने पुढे नगरला शाळा आणि मंडळ्या उभ्या केल्या, त्याच बोर्डाला 1905 मध्ये जॉन डी. रॉकफेलर यांनी 1,00,000 डॉलर दिले. ओहायोतल्या कोलंबसचे पाळक वॉशिंग्टन ग्लॅडन यांनी त्यावर मोठा आक्षेप घेतला. रॉकफेलर यांच्या स्टँडर्ड ऑइल या तेल कंपनीची संपत्ती लहान व्यापाऱ्यांना चिरडून आणि रेल्वेकडून चोरून सवलती मिळवून उभी राहिली आहे, आणि असे दान घेणारी मंडळी उद्या त्या अन्यायाविषयी तोंड कसे उघडणार, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. वाद पेटला तेव्हा उघड झाले की हे पैसे आपणहून आलेले नव्हते. बोर्डाच्याच कारभाऱ्यांनी ते मागितले होते. बोर्डाने पैसे परत केले नाहीत. मला नेहमी वाटत आले आहे की पैसे ठेवण्यापेक्षा, आपणच मागितले हे लगेच न सांगणे, यात बोर्डाची अधिक शोभा गेली.

याच्या शेजारी तुझे 38,500 रुपये ठेवून पाहा. कोणाला लुबाडलेले नाही, कोणाला फसवलेले नाही, जुगार नाही. 154 माणसांनी आपल्या खुशीने तिकीट काढून खेळ पाहिला. ‘जोडोनियां धन उत्तम वेव्हारें । उदास विचारें वेच करी’ या तुकोबांच्या चरणातला पूर्वार्ध तुम्ही पूर्ण पाळला आहे. उत्तरार्ध मात्र अजून बाकी आहे, कारण देणगी नाकारली गेल्यावर इतका संताप होतो याचा अर्थ ती अद्याप तुमच्या हातून पुरती सुटलेली नाही. 2002 च्या अखेरीस फ्लोरिडातल्या नेपल्स इथल्या साल्वेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंस्थेने लॉटरी जिंकलेल्या एका गृहस्थाचे 1,00,000 डॉलर परत केले होते, आणि तो नकार मला पटतो, कारण जुगाराने उद्ध्वस्त झालेली कुटुंबे त्यांच्याच दाराशी येतात. तुमच्या वसतिगृहाला असे कारण नाही. म्हणून पैसा अपवित्र आहे असे जर कोणी म्हणत असेल तर ते चुकते, आणि तुला ऐकवलेले वचन म्हणूनच इथे लागू पडत नाही.

बायबलात पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा आठवा आणि दहावा अध्याय शांतपणे वाच. मूर्तीपुढे ठेवलेले मांस बाजारात विकले जात असे आणि ते खावे की नाही यावर मंडळीत भांडण होते. पौल म्हणतो की बाजारात जे मिळते ते खुशाल खा, चौकशी करत बसू नका; परंतु ताटावर बसल्यावर कोणी सांगितले की हे मूर्तीला वाहिलेले आहे, तर सांगणाऱ्याच्या विवेकाखातर खाऊ नका. पुष्कळ लोक हा उतारा ‘दुर्बळांना सांभाळून घ्या’ इतक्यावर सोडून देतात. मला त्यात सांगणाऱ्याचा भाग महत्त्वाचा वाटतो. तुम्ही पोस्टरवर राक्षस छापून, त्याखाली त्यांचे नाव घालून, तो कागद त्यांच्याच फाटकावर चिकटवलात. म्हणजे ताट वाढता वाढता ‘हे वाहिलेले आहे’ असे सांगणारे तुम्हीच झालात, आणि मग ते जेवले नाहीत म्हणून रुसलात.

यातून असाही विचार तुझ्या मनात येईल, तुझ्या मित्राने तर तो सुचवलाही आहे, की रक्कम वडिलांच्या नावाने गुपचूप द्यावी. तसे करू नकोस. ज्याला नकार देण्याचा अधिकार आहे त्याच्यापासून नकाराचे कारण लपवणे हे दान नव्हे, आणि पावती खोट्या नावाने फाडून घेणे तर मला हिशेबनीस म्हणून अजिबात सहन होणार नाही. त्याऐवजी विश्वस्तांना एक साधे पत्र लिही. नाव न विचारता छापल्याबद्दल क्षमा माग, उरलेली पोस्टरे काढल्याचे कळव, पैसे कसे जमले ते जसेच्या तसे सांग, आणि कोणताही गाजावाजा न करता ते स्वीकारता येतील का, असे विचार. पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत उत्तर यावे अशी विनंती कर. खेळाचे समर्थन त्या पत्रात एका वाक्यानेही नको. त्यासाठी त्यांच्यापैकी कोणाला एखाद्या रविवारी दुपारी खेळ पाहायला बोलाव. मीही येईन. तुमच्या खेळातला वीस पैलूंचा फासा मी अजून हातात घेतलेला नाही.

त्यांनी पुन्हा नाही म्हटले तर रक्कम दुसऱ्या वसतिगृहाला द्यावी लागेल, आणि तेव्हा तिकीट काढणाऱ्या सर्वांना ते आधी कळवावे लागेल, कारण त्यांनी पैसे एका विशिष्ट कामासाठी दिले होते. ज्याला परत हवे असतील त्याला 250 रुपये निमूटपणे परत करा. पैसे धनादेशानेच द्या. 2,000 रुपयांवरच्या रोख देणगीला करसवलत मिळत नाही, आणि सहा जणांच्या वतीने पावती कोणाच्या नावाने घ्यायची हेही आधी ठरवून ठेवा.

हिशेबात मला एकच गोष्ट अडली. त्या दिवशीच्या चहा-वड्यांचे 1,840 रुपये खर्चाच्या बाजूला आहेत, तरी शिल्लक पूर्ण 38,500 दाखवली आहे. ते तुमच्यापैकी कोणी खिशातून भरले असतील तर तिथे तसे लिही आणि पत्रासोबत नवी प्रत जोड.

तुझा,
काका