मायक्रोनीडलिंग पहिल्यांदा करताय?

यात बारीक सुयांनी त्वचेला टोचतात, म्हणजे ती भरून येताना नवी तयार होते. आधी एकच विनंती: घरी फिरवायचा सुयांचा रोलर विकत घेऊ नका. रोलरची सुई त्वचेत तिरपी शिरते आणि तिरपीच बाहेर येते, शिवाय ती घरी नीट निर्जंतुक होत नाही. डॉक्टरांच्या पेनसारख्या यंत्रातल्या सुया सरळ जातात, खोली ठरवता येते. मुरुमांच्या खड्ड्यांसाठी डॉक्टर साधारण 1.5 मिमी किंवा त्याहून खोल जातात. डोळ्यांभोवती बरंच कमी. सुयांचं नवं, सीलबंद टोक तुमच्यासमोर उघडायला सांगा. यात संकोच नको.

चेहऱ्यावर पिकलेले मुरूम किंवा ओठांवर नागीण असेल तर थांबा, कारण सुया संसर्ग पसरवतात. जखमेचे व्रण फुगून वर येत असतील, रक्त पातळ करणारी किंवा मुरुमांची आयसोट्रेटिनॉइनची गोळी चालू असेल, तर ते पहिल्याच भेटीत सांगा.

नंतर एक-दोन दिवस चेहरा उन्हात भाजल्यासारखा लाल राहतो. तेव्हा साधं मॉइश्चरायझर पुरे. रेटिनॉल, व्हिटॅमिन सी, स्क्रब, मेकअप डॉक्टर सांगेपर्यंत बाजूला. सनस्क्रीन मात्र अजिबात चुकवायचं नाही. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर काळे डाग पटकन उमटतात आणि जायला महिने घेतात.

फरक लगेच शोधू नका. नवं कोलॅजन (त्वचेला घट्टपणा देणारं प्रथिन) तयार व्हायला महिने लागतात, म्हणून दोन बैठकांत चार ते सहा आठवड्यांचं अंतर ठेवतात. खड्डे पूर्ण भरत नाहीत, उथळ होतात. ‘एका बैठकीत काचेसारखी त्वचा’ म्हणणाऱ्याकडे जाऊच नका.