शेवटचे दोन-तीन रेप्स आले की मन हार मानतं. जिममध्ये स्वतःला पुढे कसं रेटायचं?

तुम्ही लिहिलंय की वर्षभर नियमित जिमला जाता, तेही संध्याकाळी, ऑफिस सुटल्यावर. स्क्वॅटच्या, म्हणजे बार खांद्यावर घेऊन काढायच्या बैठकांच्या, शेवटच्या सेटला आठ रेप्स (आवर्तनं) ठरवलेले असतात आणि सहाव्यालाच बार रॅकवर जातो. घरी जाताना मात्र वाटत राहतं की अजून दोन निघाले असते. मग कमी कोण पडतं, शरीर की मन, असं तुम्ही विचारलंय.

माझं वय 41, बँकेत नोकरी, आणि गेली नऊ वर्षं मीही बहुतेक संध्याकाळीच वजनं उचलतेय. घरी जाताना तुम्हाला जे वाटतं ते बहुतेक वेळा खरंच असतं. दोन निघाले असते. पण त्यावरून स्वतःला कच्च्या मनाचे ठरवू नका. मन थांबवतं तेव्हा त्याच्याकडे काहीतरी कारण असतं, आणि ते कारण शोधून काढता येतं.

आधी खात्री करून घ्या. पुढच्या लेग डेला, म्हणजे पायांच्या व्यायामाच्या दिवशी, फोन बाजूला टेकवून शेवटच्या सेटचा व्हिडिओ काढा. सहावा रेप तिसऱ्याइतक्याच वेगात वर येत असेल, तर पायांत अजून बरंच शिल्लक आहे आणि थांबवलं ते मनानं. तोच सहावा अर्ध्यात रेंगाळत, कणाकणानं वर येत असेल, तर तुम्ही खरोखरच टोकाला पोहोचला होता आणि बार ठेवलात ते बरोबर केलंत. मी पहिल्यांदा माझा व्हिडिओ पाहिला तेव्हा शेवटचा रेप पहिल्यासारखाच सरसर वर आलेला दिसला. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, पण तिथूनच सुधारणा सुरू झाली.

आता ऑफिसचा मुद्दा. वेल्समधल्या बँगर विद्यापीठात सॅम्युएल मार्कोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला होता, तो 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. 16 जणांना एका दिवशी 90 मिनिटं कॉम्प्युटरवर सतत लक्ष ताणणारं काम दिलं, आणि दुसऱ्या एका दिवशी तेवढाच वेळ माहितीपट दाखवले. दोन्ही वेळा नंतर दम संपेपर्यंत सायकल मारायला लावली. माहितीपट पाहून आलेले सरासरी 754 सेकंद टिकले. डोकं शिणवून आले तेव्हा 640. हृदय आणि स्नायूंच्या कामात या फरकाचं कारण सापडलं नाही. फरक एवढाच होता की तेच कष्ट त्यांना सुरुवातीपासून जास्त वाटत होते.

मार्च अखेरीच्या दिवसांत मी हे दरवर्षी अनुभवते. नेहमीचं वजन खांद्यावर घेतलं तरी कुणीतरी गुपचूप प्लेट वाढवली असावी असं वाटतं. म्हणून आता सगळ्यात जड स्क्वॅट आणि डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणं) रविवारी सकाळी करते, आणि आठवड्यातल्या संध्याकाळी हलके व्यायाम ठेवते. तुम्हाला सुट्टीची सकाळ मिळत असेल तर हा एक बदल आधी करा, बाकीचं नंतर. ते जमत नसेल तर निदान ऑफिस आणि जिम यांच्यामध्ये पंधरा-वीस मिनिटं फोन न बघता चाला. कॉफीनं कष्ट कमी वाटतात हे खरं आहे, पण संध्याकाळी सातला घेतलेली कॉफी रात्रीच्या झोपेवर येते, आणि झोप गेली की दुसऱ्या दिवशीचा सगळा डोलारा कोसळतो.

मन थांबवतं त्यामागचं दुसरं कारण म्हणजे भीती, आणि जिममध्ये ती कुणी बोलून दाखवत नाही. सातव्याला खाली बसलो आणि उठताच आलं नाही तर? तुम्ही कधी ठरवून अडकून पाहिलंय का? रॅकच्या सेफ्टी, म्हणजे बार खाली आला तर अडवणारे आडवे दांडे, तुमच्या सर्वांत खालच्या स्थितीपेक्षा जरा खाली लावा. रिकामा बार घ्या, खाली बसा, बार सेफ्टीवर टेकवा आणि त्याखालून बाहेर या. असं दहा वेळा करा, मग थोडं वजन लावून पुन्हा. हसतील लोक, हसू देत. बाहेर पडायची वाट पाठ झाली की मन सातव्याला आडवं येत नाही. बेंच प्रेस (बाकावर आडवं होऊन छातीवरून बार वर ढकलणं) करताना मात्र कुणीतरी सपोर्टला हवंच. त्याला आधीच स्पष्ट सांगा, 'मी म्हणेपर्यंत बारला हात लावू नका.' नाहीतर पाचव्या रेपपासून अर्धं वजन तोच उचलत असतो आणि आपण किती उचललं ते कळतच नाही. मला सुरुवातीला सपोर्ट मागितला की 'ताई, कशाला एवढं जड?' असं ऐकायला मिळायचं. मी दर वेळी तेवढंच वजन मागत राहिले. आता विचारणारे थांबलेत.

तिसरी गोष्ट मोजणीची. ही मला आजोबांकडून मिळाली. आबा तरुणपणी कोल्हापुरात तालमीत होते. बैठका काढताना ते समोर खडे मांडून ठेवायचे, पन्नास झाल्या की एक खडा पलीकडे. हजार बैठका कधी काढल्याच नाहीत, असं ते म्हणायचे. पन्नासच काढल्या, फक्त वीस वेळा. मी आठच्या सेटमध्ये तेच करते. पाच एका दमात. मग बार पाठीवर ठेवूनच ताठ उभं राहायचं, तीन खोल श्वास, सहावा. पुन्हा तीन श्वास, सातवा. 'अजून तीन' असा हिशोब डोक्यात येऊ द्यायचा नाही, समोर एकच असतो. खाली बसण्याआधी पोटात श्वास भरून कंबर चारी बाजूंनी घट्ट करायची आणि उठताना अवघड टप्पा ओलांडला की सोडायचा. रक्तदाबाचा त्रास असेल तर असा श्वास रोखण्याआधी डॉक्टरांना विचारा, कारण त्या क्षणी रक्तदाब चांगलाच चढतो.

एवढा आटापिटा शेवटच्या रेप्ससाठी का? शरीर आधी छोटे, काटक स्नायूतंतू कामाला लावतं. ते थकत गेले की मग मोठे, ताकदीचे तंतू पुढे येतात. हलक्या-मध्यम वजनांत शेवटचे काही रेप्स गाठले नाहीत, तर या मोठ्या तंतूंना धड काम पडतच नाही. पण याचा अर्थ प्रत्येक सेट कोसळेपर्यंत न्यायचा असा घेऊ नका. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी कष्ट किती वाटतात ते मोजायला 6 ते 20 ची पट्टी केली होती, साधारण 60 ते 200 या हृदयाच्या ठोक्यांशी जुळणारी. वजनं उचलणारे आता दहाची पट्टी वापरतात. आठ म्हणजे अजून दोन शिल्लक, दहा म्हणजे एकही नाही. मी वहीत वजन, रेप्स आणि शिल्लक असे तीन आकडे लिहिते. स्क्वॅट-डेडलिफ्टला एक-दोन हातचे राखते. दंडाचे, पोटऱ्यांचे छोटे व्यायाम शेवटच्या सेटला पार टोकापर्यंत नेते, कारण तिथं चुकलं तरी फार बिघडत नाही.

आणि दोन सेटच्या मध्ये घड्याळ लावून तीन मिनिटं दम खा. आबा यासाठी खाशाबा जाधवांची गोष्ट सांगायचे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा, 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक आणलं. तिथं जपानच्या इशीशी लांबलेली कुस्ती झाल्यावर त्यांना लगेच सोव्हिएत मल्लासमोर उभं केलं, मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती पण बाजू मांडायला आपला अधिकारीच नव्हता, असं सांगतात. एवढी ताकद असलेल्या माणसालाही दम भरायला वेळ लागतो, तर आपण 40 सेकंदांत पुन्हा बारखाली कशाला जायचं?

आता जे सांगतेय ते कृपा करून नीट वाचा. तीन वर्षांपूर्वी डेंग्यूमुळे माझा दीड महिना व्यायाम सुटला होता. परतले त्याच आठवड्यात आमच्या तेव्हाच्या जिममध्ये 400 बैठकांचं चॅलेंज होतं. सभोवती वीस जण टाळ्या वाजवत होते. वर सांगितलेली प्रत्येक युक्ती मी वापरली, खडे मांडल्यासारखे पन्नास-पन्नासचे गट केले आणि 400 पूर्ण केल्या. दुसऱ्या दिवशी मांड्या दगडासारख्या झाल्या. तिसऱ्या दिवशी जिना उतरता येईना आणि लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली. चार दिवस दवाखान्यात सलाईनवर होते. डॉक्टरांनी सांगितलं की स्नायूंच्या पेशी फुटून त्यांतलं प्रथिन रक्तात उतरलंय आणि ते मूत्रपिंडं निकामी करू शकतं. मी वेळेत गेले म्हणून निभावलं.

आबांच्या तालमीत तापातून उठलेल्या पोराला वस्ताद हौद्यात उतरूच देत नसत. आधी काही दिवस नुसती हलकी मेहनत करायला लावत. हे मला लहानपणापासून माहीत होतं, तरी त्या टाळ्यांमध्ये मी विसरले. त्या दिवशी मन थांब म्हणत होतं आणि मी त्याला गप्प केलं.

म्हणून रेटण्याआधी त्रास कोणता आहे ते ओळखायला शिका. मांड्यांत आग होणं, धाप लागणं, पाय थरथरणं, यांतून पुढे जायला हरकत नाही. सांध्यात टोचणं, एकाच बाजूला कळ येणं, पाठीतून पायात झिणझिणी उतरणं, छातीवर दाब, डोळ्यांपुढे अंधारी, यांतलं काहीही झालं की सहावा असो वा पहिला, बार ठेवून द्यायचा. आजारपणानंतर, मोठ्या खंडानंतर किंवा उन्हाळ्यात पाणी कमी पडलेलं असताना अर्ध्यावरून सुरुवात करा. आणि लघवी काळपट दिसली तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.

या रविवारी एवढंच करून बघा. नेहमीच्या वजनातून दहा टक्के काढा, सेफ्टी लावा, फोन टेकवा. पाच एका दमात. सहावा वर आला की रॅककडे बघू नका. ताठ उभे राहा, तीन श्वास घ्या, आणि सातव्यासाठी खाली बसा.