४ जणांसाठी रात्री पोटभर होईल असं खिमा सँडविच कसं करायचं?

अमेरिकेत हे बीफच्या खिम्याचं करतात, आपल्याकडे महाराष्ट्रात २०१५ पासून गायीसोबत बैल कापायलाही बंदी आहे म्हणून मी मटणाचंच सांगते. अर्धा किलो खिमा घ्या, धुतला की चाळणीत चांगला निथळू द्या. २ कांदे लाल करा, आलं-लसूण पेस्ट टाका, मग खिमा टाकून मोठ्या आचेवर पाणी सुटून आटेपर्यंत परता, इथे घाई नका करू बाप्पा, सगळी चव इथेच बनते. आता १ टमाटर, हळद, मीठ आन् दीड चमचा सावजी मसाला (नागपूरकडचा झणझणीत मसाला), थोडंसं पाणी, कुकरला ३-४ शिट्ट्या. झाकण काढल्यावर पुन्हा आटवा, पार कोरडा झाला पाहिजे, रस्सा राहिला तर ब्रेड गिळगिळीत होते आन् पोट्टे हातात धरूच शकत नाहीत. एक उकडलेला आलू कुस्करून टाकला तर खिमा सांडत नाही आन् पोटही भरते. ब्रेड जाडच घ्या, आतली बाजू आधी तव्यावर बटरमध्ये शेकून घ्या, मग खिमा, कच्चा कांदा, सांबार (म्हणजे कोथिंबीर), लिंबू. लहान पोरं असतील तर सावजी मसाला अर्धाच टाका, लय तिखट असते तो, वरून चीज द्या. दुपारीच खिमा करून फ्रिजमध्ये ठेवला तर रात्री १० मिनिटांत जेवण तयार.